टेबलावर, पलंगाशेजारी

आमच्या वन्संचा दिवस एका प्रश्नाने सुरू व्हायचा आणि त्याच प्रश्नाने संपायचा. कप कुठे आहे? किल्ली कुठे आहे? चष्म्याचं घर कुठे आहे? आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. घरोघरी बायका हेच विचारतात आणि घरोघरी पुरुष "असेल तिथेच" म्हणून मोकळे होतात. पण वन्सं हे इटालियनमध्ये विचारायच्या, समोरच्या माणसाने उत्तरही इटालियनमध्ये द्यायचं, आणि "असेल तिथेच" त्यांना अजिबात चालायचं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खाली आमच्या ह्यांचं सुतारकामाचं दुकान, दुकानामागे आमच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या लाकडी जिन्याने वर गेलं की वन्संची खोली. तिथे त्या वर्ग घ्यायच्या. इटालियन बोलतात त्या देशात म्हाताऱ्याकोताऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायला जाणारी माणसं त्यांच्याकडे शिकायला यायची. कोणी दवाखान्यात फरशा पुसलेली, कोणी दुसऱ्यांची मुलं सांभाळलेली, एक तर बसची कंडक्टर. परक्या घरात जाऊन परक्या माणसाच्या उशाशी बसायचं, तर त्या माणसाशी बोलता यायला हवं. ते बोलणं वन्सं शिकवायच्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण लपवाछपवी मला जमत नाही. मी सांगतेय त्या दिवसांत वन्संची दृष्टी जात होती. जवळजवळ गेलीच होती म्हणा. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला. आमच्या ह्यांना ठाऊक नव्हतं. (नवऱ्यापासून लपवलेलं लपवाछपवीत धरत नाहीत.) त्यांना कळलं असतं तर त्यांनी बहिणीला हाताला धरून खाली आणलं असतं, वर्ग बंद केला असता आणि वर कुलूप घातलं असतं. मायेपोटीच हो, दुसरं काही नाही. पण वन्संना नवरा नाही, मूल नाही. लग्न का केलं नाही ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. त्यांच्याकडे होता तो वर्ग. तो गेला असता तर मागे नुसत्या वन्सं उरल्या असत्या, आणि नुसतं उरणं त्या बाईला मानवणारं नव्हतं.

मला कळलं ते असं. एका दुपारी इस्त्रीचे कपडे घेऊन मी वर गेले. दाराशेजारच्या खुंटीवर माझा जुना राखाडी कोट लटकत होता, आदल्या दिवशी मीच विसरलेला. वन्संनी पावलं ऐकली, कोटाकडे तोंड करून म्हणाल्या, "आलीस? बस ना, उभी का?"

मला हसू फुटलं. "वन्सं, कोटाला कसलं बसवताय?" आणि मग त्यांचा चेहरा दिसला. हसू तिथल्या तिथे विरलं माझं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. "त्याला सांगू नकोस."

"अहो, पण वन्सं, डॉक्टर..."

"डॉक्टरांकडे जाऊन आले मी. काही व्हायचं नाही. तुझ्या नवऱ्याला सांगितलंस ना, तर तो माझं फर्निचर करून टाकेल. कोपऱ्यात नेऊन ठेवेल आणि रोज पुसेल."

त्यांच्या भावाला त्या माझ्यापेक्षा जास्त ओळखत होत्या. मी कपडे कपाटात ठेवायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "कुठे ठेवतेयस ते सांग." मी म्हटलं, वरच्या फळीवर. "वरच्या फळीवर, कशाच्या शेजारी?" टॉवेलांच्या, म्हटलं. "हां. आता ठेव."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वर्गात दिवसभर चालायचं ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

आता ही भाषा वन्संना आली कुठून, ते सांगायला हवं. शाळेतून नाही, पुस्तकातून तर नाहीच. तरुणपणी त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीकडे कामाला होत्या. म्हातारी परदेशी. नवरा इथल्या काचेच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तो गेला आणि ही मागे राहिली. कंबरेखालचं अंग गेलेलं. वय वाढलं तशी ती इथली भाषा विसरत गेली आणि लहानपणची तेवढी उरली. वन्संना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. म्हातारी दिवसभर एकच विचारायची, "दोवे?" दोवे म्हणजे कुठे आहे. चष्मा दोवे, पाणी दोवे, चपला दोवे. चपला घालून कुठे जायचं नव्हतं तिला, पण चपला कुठे आहेत ते कळायला हवं होतं.

वन्सं बिचाऱ्या धावत जाऊन चष्मा आणून हातात द्यायच्या. म्हातारी तो चादरीवर भिरकावून द्यायची. पुन्हा दोवे. पुन्हा आणला, पुन्हा भिरकावला. "मला वाटलं डोकं फिरलंय," वन्सं सांगायच्या. "मग एक दिवस कंटाळून मी चष्मा आणलाच नाही. नुसतं बोट दाखवलं, टेबलाकडे. तर बाई हसली की! तिने मला शब्द सांगितला, टेबलावर. मग दुसरा, दिव्याच्या शेजारी. तिला चष्मा नको होता गं. तो कुठे आहे ते हवं होतं. ते कळलं की खोली तिची राहायची. हातात आणून दिलं की ती नुसती आजारी."

तर वन्संना ती भाषा अशी आली, खोलीतून. आधी वस्तू आणि लगेच त्या वस्तूची जागा सांगणारे ते बारके शब्द. आणि पुढे त्यांनी शिकवलंही तसंच. पहिले काही आठवडे वहीला हात लावायचा नाही. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पलंग, कपाट, खिडकीत एक खोकं, टेबलावर एक कप, एक किल्ली, एक उशी. माणसाने उठायचं, वस्तू ठेवायची आणि कुठे ठेवली ते मोठ्याने म्हणायचं. खाली दुकानात सगळं ऐकू यायचं, कारण मधे नुसत्या लाकडी फळ्या. आमचे हे रंधा मारता मारता वर बघायचे आणि म्हणायचे, "झालं, लागलं दोवे दोवे!" गिऱ्हाईक हसायचं. वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

मीही जिन्यावर बसून भाजी निवडताना बरंच शिकले. म्हणजे, शिकले म्हणण्यापेक्षा कानावर पडलं आणि राहिलं. वन्सं समजावून सांगायच्या ते मला फार आवडायचं. म्हणायच्या, आपल्याकडे ते बारके शब्द वस्तूच्या शेपटीला चिकटतात. टेबलावर, कपात, पलंगाखाली. आधी टेबल येतं, मग त्याचं वर की खाली ते. त्यांच्याकडे तो शब्द पुढे उभा राहतो. 'सु' म्हणजे वर, 'इन' म्हणजे आत, 'सोत्तो' म्हणजे खाली, 'कोन' म्हणजे सोबत, 'पेर' म्हणजे साठी, 'त्रा' म्हणजे दोघांच्या मधे. आधी जागा सांगतात, मग वस्तू. आणि वस्तूच्या पुढे तिचा एक छोटा चोपदार असतो, 'इल' म्हणा, 'ला' म्हणा. 'सु' आणि 'इल' शेजारी आले की वेगळे राहत नाहीत, एकजीव होऊन 'सुल' होतात. सुल तावोलो, टेबलावर. 'इन' आणि 'इल' मिळून 'नेल'. नेल कास्सेत्तो, खणात. पण 'सोत्तो' मोठा मानी. तो कोणात मिसळत नाही. सोत्तो इल कुशीनो, उशीखाली.

"आणि 'आक्कान्तो'?" कोणीतरी विचारायचं. आक्कान्तो म्हणजे शेजारी.

"त्याला एकट्याने चालता येत नाही. त्याला 'आ'चा हात धरावा लागतो. आक्कान्तो आल लेत्तो. पलंगाशेजारी."

एकदा 'दा' निघाला. हा शब्द म्हणे माणसाकडून येतानाही लागतो आणि माणसाकडे जातानाही लागतो. आईकडून आले तरी 'दा', आईकडे चालले तरी 'दा'. मी जिन्यावरून ओरडले, "अहो वन्सं, मग बायको माहेरी चाललीय की माहेरून आलीय, ते नवऱ्याला कळायचं कसं?"

"क्रियापदावरून," वन्सं आतून म्हणाल्या.

"आमच्याकडे बॅगेवरून कळतं," मी म्हटलं. सगळा वर्ग हसला. वन्संही हसल्या, पण मग म्हणाल्या, "माणसाकडे जायचं असलं की तोच शब्द, डॉक्टर असो, बहीण असो. घर किती मोठं, कुठलं, ते विचारत नाही तो शब्द. कोणाकडे, एवढंच." गाव असलं की 'आ', देश असला की 'इन', असंही एक होतं. पोरं विचारायची, का? त्यावर वन्संचं ठरलेलं उत्तर होतं. "का म्हणून विचारायचं नाही. तो शब्द तिथे राहतो. तू शेजाऱ्याला विचारतेस का, तू याच घरात का राहतोस म्हणून?"

मघाशी म्हटली ती बस कंडक्टर, तिचं नाव आम्ही घाई ठेवलं होतं. वर्षानुवर्षं "पुढे चला, पुढे चला" करून तिच्या जिभेला तीच खोड लागली होती. नवरा गेलेला, दोन मुलं बहिणीकडे ठेवून परदेशी जायचं होतं तिला. वस्तूंची नावं तिने फटाफट पाठ केली, पण ते बारके शब्द सगळे गाळून टाकायची. "तात्सा तावोलो!" म्हणायची आणि खाली बसायची. कप टेबल.

"कप टेबल म्हणजे काय गं?" वन्सं विचारायच्या. "कपाने टेबलाशी लग्न केलंय का?"

"कळलं ना तुम्हाला बाई, कुठे आहे ते?"

"नाही कळलं." वन्संचा आवाज तेव्हा बदलायचा. "हे बघ, तू जाशील तिथे एक म्हातारं माणूस असेल, त्याला उठता येत नसेल. तू दाराबाहेर जाताना त्याला सांगशील, औषध उशी. उशीवर? उशीखाली? उशीमागे? तू गेलीस, आणि ते बिचारं अंधारात चाचपत बसलंय. तुझ्यासाठी तो बारका शब्द आहे. त्याच्यासाठी तो हात आहे. परत म्हण."

घाई परत म्हणायची आणि परत गाळायची. वन्सं काही हटायच्या नाहीत. परत म्हण. परत म्हण. त्या दोघींचं ते ऐकताना माझा भाजी निवडणारा हात थांबायचा, कारण मला ठाऊक होतं की अंधारात चाचपणारं माणूस तिथेच खुर्चीवर बसलंय. घाई 'तात्सा तावोलो' म्हणाली की वन्संना खरोखरच कप सापडायचा नाही. वर्ग सुटायच्या आधी त्या एकेकाला प्रश्न विचारायच्या, किल्ली कुठे, उशी कुठे, खुर्ची कुठे, पाण्याचा जग कुठे. पोरांना वाटायचं, उजळणी चाललीय. उजळणीच होती ती. शिवाय त्यावर वन्सं पुढची सकाळ काढायच्या. वस्तू जिथे आहे असं कोणी म्हटलं, तिथे ती असायलाच हवी, हा वर्गाचा नियम होता, आणि त्या नियमाच्या आधाराने ती बाई न धडपडता चालत होती. खरं सांगते, इतकी हुशारी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

हे असंच चाललं असतं, पण आमच्या ह्यांना मधेच उपकार करायची हुक्की आली. वरच्या एका खुर्चीचा पाय हलायचा. वन्सं शेजारच्या दुकानात गेल्याची वेळ बघून ह्यांनी ती खुर्ची खाली आणली, पाय बसवला, वर हौसेने पॉलिशचा हात मारला आणि वाळायला वारा लागावा म्हणून वर नेऊन दार आणि खिडकीच्या बरोब्बर मधोमध ठेवली. आणि स्वतः तिथेच खिडकीची बिजागरी बघत उभे राहिले. वन्सं आल्या. नेहमीसारख्या, ताठ मानेने, भरभर. सरळ खुर्चीवर गेल्या.

धाड असा आवाज आला. मी जिना कसा चढले ते आठवत नाही. वन्सं जमिनीवर बसलेल्या, तळहाताला ओलं पॉलिश, कपाळावर खोक. हे समोर गुडघ्यांवर बसलेले, चेहरा पांढराफटक.

"ताई, एवढी मोठी खुर्ची... ताई, तुला दिसत नाही?"

वन्संनी चाचपत खुर्चीचा पाय धरला. मग म्हणाल्या, "दिसत नाही. शिकवता येतं."

पहिलं वाक्य ह्यांनी ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही.

मग व्हायचं ते झालं. जखम भरायच्या आत ह्यांनी आमची मागची खोली रिकामी केली. मोठा डॉक्टर झाला, त्यानेही डोळ्यांत बॅटरी मारून मान हलवली. ह्यांनी दुकानातली सगळी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली आणि बहिणीसाठी फर्निचर करायला घेतलं. पलंग, टेबल, कपाट. एकेक कोपरा गोल केलेला, घासून घासून इतका गुळगुळीत की गाल टेकावा. कुठे लागू नये, कुठे खरचटू नये. काम करताना डोळ्यांतून पाणी गळायचं आणि भुशाचं निमित्त सांगायचे. माझं लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या हातचं इतकं सुंदर काम पाहिलं नव्हतं, हे मी कबूल करते. वरच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली ह्यांच्या खिशात गेली.

"पुरे झालं आता ताई," हे म्हणाले. "जन्मभर लोकांची उस्तवार केलीस. आता नुसती बस. काय हवं ते हातात मिळेल."

आणि मिळायचंच हो. तहान लागायच्या आत पाणी हातात. ताट हातात. चपला पायात. वन्संनी नुसती मान वळवायचा अवकाश, हे धावत हजर. पहिले दोन-चार दिवस वन्सं भांडल्या. मग भांडण संपलं. मग बोलणं कमी झालं. नव्या पलंगावर, नव्या टेबलासमोर त्या बसून असायच्या, हात मांडीवर. टेबलावर काय आहे त्यांना माहीत नव्हतं, कारण टेबलावर काही नसायचंच. सगळं ह्यांच्या हातातून त्यांच्या हातात. मी लक्ष ठेवून होते. ज्या बाईचा दिवस प्रश्नाने सुरू व्हायचा, तिने प्रश्न विचारणं सोडलं होतं. पंधरवडा झाला, महिना झाला, एक दोवे नाही. दुकानातलं छत डोक्यावर गप्प. तेच छत आम्हाला नको नको व्हायचं पूर्वी.

घाईचं जायचं ठरलं तशी ती निरोप घ्यायला आली. हे दुकानात होते, मी मागच्या दारात. ह्यांनी तिला आत सोडलं नाही. म्हणाले, ताई झोपलीय, तिला त्रास नको. घाई भुशात उभी राहिली थोडा वेळ, पिशवी छातीशी धरून. मग म्हणाली, "मग बाईंना माझं एक वाक्य सांगाल? एवढंच सांगा." आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत, ती म्हणाली. ह्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाली आणि गेली.

"खुळी बाई," हे म्हणाले. वाक्य काही आत पोचलं नाही. सांगितलं तर ताईला वर्गाची आठवण होईल, असं ह्यांचं म्हणणं.

मग मात्र माझी सटकली. "आठवण होईल म्हणे! विसरल्यात कधी त्या? तुम्ही त्यांना काय दिलंत ते कळतंय का तुम्हाला?"

"काय कमी केलं मी? सांग ना! काय कमी आहे तिला?"

"सगळं हातात देताय तुम्ही. कुठे काय आहे ते एकदा तरी सांगितलंत?"

"हातात दिल्यावर कुठे आहे ते कशाला सांगायचं? काहीतरीच बोलतेस."

तोंडाने सांगून कळणारा माणूस नाही तो. मी हात टेकले. सकाळी ते आंघोळीला गेल्यावर मी दुकानात शिरले. आता सुताराचं दुकान म्हणजे काय असतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर हत्यारं, प्रत्येकाची जागा ठरलेली. रंधा हाताला लागावा असा, पटाशा रुंदीप्रमाणे ओळीत, करवती खिडकीजवळ. डोळे मिटून हात घातला तरी हवी तीच पटाशी येते, असं हे अभिमानाने सांगतात. मी सगळं उतरवलं आणि एका मोठ्या टोपलीत भरून टोपली माझ्या पायांशी ठेवली. आणि स्टूल घेऊन बसले.

हे आले. भिंतीकडे बघितलं. जो आवाज काढला तो मी लिहीत नाही.

"ओरडू नका," मी म्हटलं. "काय हवं ते बोला. हातात देते."

"माझी पटाशी!"

"ही घ्या. हातात."

"ही नाही, बारीक!"

"ही घ्या."

तासभर चाललं ते. हे मागायचे, मी द्यायचे. काम झालं की मी लगेच काढून घ्यायचे. खाली ठेवू द्यायचे नाही. "कशाला ठेवताय? दमाल. मी आहे ना." आधी ओरडले. मग धुसफुसले. मग एकदा त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला, रिकाम्या खिळ्याला लागला आणि तिथेच थांबला. हात तसाच वर. मी काही बोलले नाही. कधी गप्प बसायचं ते मलाही कळतं, लोकांना वाटत नसलं तरी.

मग हे स्टुलाशेजारी भुशात खाली बसले आणि चेहरा हातांत घेतला. "मी तिच्या खोलीतून सगळे खिळेच काढले गं," म्हणाले.

मी टोपली त्यांच्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक हत्यार जागेवर लावलं.

दिवेलागणीला हे आत गेले. मी दाराशी थांबले. वन्सं पलंगावर बसलेल्या, नेहमीसारख्या. ह्यांनी पाण्याचा पेला आणला होता. रोजच्यासारखा हात पुढे झाला, पेला वन्संच्या बोटांपाशी गेला आणि मागे आला. ह्यांनी तो टेबलावर ठेवला, मुद्दाम आवाज करून. मग घसा खाकरला. पोरगा फळ्यासमोर उभा करावा तसे दिसत होते, एवढा दांडगा माणूस.

"लाक्वा..." ते म्हणाले. पाणी. "लाक्वा ए... सु... इल तावोलो. आक्कान्तो... लेत्तो."

वन्सं हलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही. फळ्यांमधून इतकी वर्षं खाली गळलेलं ते सगळं या माणसाच्या कानांत साठलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्यांनाही नसावा.

"सुल," वन्सं म्हणाल्या. महिन्याभराने आवाज असा आला, गंजलेली बिजागरी फिरावी तसा. "सु इल नाही रे. सुल तावोलो. आणि आक्कान्तोला एकट्याला सोडू नकोस. परत म्हण."

ह्यांनी परत म्हटलं. चुकलं. परत म्हटलं. वन्संचा हात मांडीवरून उठला, टेबलाच्या त्या गोल कडेवरून सरकत गेला, आणि पेल्याला लागला. त्यांनी पेला स्वतः उचलला आणि पाणी प्यायल्या.

"ताई," हे म्हणाले. "ती कंडक्टरीण आली होती. जाण्याआधी. मी तिला आत सोडलं नाही. तिने तुला एक वाक्य सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

"काय म्हणाली?"

"ला तात्सा ए सुल तावोलो."

"असंच?" वन्सं वळल्या. "मधलं काही गाळलं नाही?"

"नाही. दोनदा म्हणाली. मला पाठ आहे. कालपासून तेच घोळतंय डोक्यात माझ्या."

कप टेबलावर आहे. वन्संनी तोंडावर पदर... नाही, पदर नव्हता, शालीचं टोक होतं, ते दाबून धरलं आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, खुर्चीवर आपटल्या तेव्हासुद्धा नाही. हे त्यांच्या पायांशी बसले. मला आत जावंसं वाटलं, पण ते दोघा भावंडांचं होतं, मी दारातच राहिले.

मग वन्संनी डोळे पुसले, पेला जिथून उचलला होता तिथेच नेमका परत ठेवला, आणि पाठ ताठ केली. ती पाठ मी ओळखत होते.

"दोवे ला क्यावे?" त्या म्हणाल्या. किल्ली कुठे आहे?

ह्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा या शब्दाला इटालियनमध्ये काय म्हणतात ते काही त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्यांनी किल्ली बाहेर काढली, वन्संच्या तळहाताकडे नेली, आणि थांबले. मग टेबलावर ठेवली, पेल्याशेजारी.

"सुल तावोलो, ताई," म्हणाले.

"ताईला त्यांच्यात वेगळा शब्द आहे," वन्सं म्हणाल्या. "तो उद्या सांगेन. सकाळी वर ये, आणि ती खुर्ची आधी जागेवर ठेव."

त्यांनी हात पुढे केला, किल्ली उचलली आणि मुठीत घट्ट धरून उठल्या.